मागायला आलेली डॉक्टर

ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात मला पॅरासिटामॉलची गोळीही लिहून देता येत नाही. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत मी रात्र रात्र अतिदक्षता विभाग सांभाळला आहे, श्वासनलिकेत नळ्या घातल्या आहेत, व्हेंटिलेटर लावले आहेत, काढले आहेत. पण ब्रिटनमध्ये रुग्णावर उपचार करायचे तर जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, आणि मी आले ती संशोधनाची विद्यार्थिनी म्हणून. क्लिनिकल मेडिसिनमध्ये मी डीफिल करते आहे; इतर विद्यापीठांत हिलाच पीएचडी म्हणतात. आईला हे सगळं अजून पचलेलं नाही. "अगं, पण पेशंट तर बघतेस ना तिकडे?" ती फोनवर विचारते. बघते की. रोज बघते. फक्त त्यांना काही द्यायला जात नाही, त्यांच्याकडून काही मागायला जाते.

एमडी करणारी मुलंमुली मला मेसेज करून विचारत असतात. कसं जायचं, कुणाला लिहायचं, शिष्यवृत्ती कोणती, एमडी झाल्यावर डीएमचं अतिविशेषज्ञाचं शिक्षण सोडून हे कशाला. त्यांना मी उत्तरं देतेच, आणि खाली थोडक्यात दिलीही आहेत. पण या मागण्याबद्दल कुणीच विचारत नाही. मला मात्र या सगळ्या वर्षांत खरं शिक्षण तिथेच मिळालं, म्हणून हा लेख.

सरकारी सेवेच्या बंधपत्राच्या काळात मी गडचिरोली जिल्ह्यात होते. पावसाळा सरता सरता मेंदूचा मलेरिया झालेली माणसं यायची. खाटेवर टाकून आणलेली, बेशुद्ध, डोळे पिवळे पडलेले. आम्ही शिरेतून आर्टेसुनेटचं इंजेक्शन द्यायचो, आणि पुष्कळदा दोन-तीन दिवसांत तोच माणूस उठून बसायचा, पेज मागायचा. क्विनाइन हे जुनं औषध सोडून आर्टेसुनेट का, हे मला वाचून ठाऊक होतं. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या चार देशांतले १४६१ गंभीर रुग्ण त्यात होते; कुणाला कोणतं औषध, हे चिठ्ठी टाकून ठरलं होतं. क्विनाइन मिळालेल्यांपैकी शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेट मिळालेल्यांपैकी १५. शंभरामागे सात जीव. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली, आणि ते इंजेक्शन आमच्या कपाटात येऊन बसलं.

एका रात्री असाच एक रुग्ण शुद्धीवर येण्याची वाट बघत बसले असताना ते १४६१ जण माझ्या डोक्यात घुसले. तेही असेच बेशुद्ध आले असतील. त्यांच्याही बायका, भाऊ, बाप बाहेर उकिडवे बसले असतील. त्यातल्या निम्म्यांच्या वाट्याला चिठ्ठीने ते औषध आलं, जे पुढे कमी गुणाचं ठरलं. त्यांच्या माणसांकडे जाऊन कुणीतरी विचारलं असेल. काय शब्दांत विचारलं असेल? आणि अशा वेळी हो म्हणणाऱ्याला आपण कशाला हो म्हणतोय, हे कितपत उमगलं असेल? डॉक्टर म्हणून मी असंख्य वेळा सह्या घेतल्या होत्या, ऑपरेशनच्या, रक्त चढवण्याच्या, 'जोखीम समजली' म्हणून. पण त्या सगळ्या रुग्णाच्या स्वतःच्या भल्यासाठी होत्या. दुसऱ्याच कुणाच्या भल्यासाठी याच्याकडे काही मागायचं, हा प्रसंग माझ्यावर आलाच नव्हता.

मग २०२० आलं, कोविड घेऊन. त्या पहिल्या महिन्यांत आम्ही काय काय दिलं ते आठवलं की अजून अस्वस्थ व्हायला होतं. व्हॉट्सॲपवर रोज नवं औषध, रोज नवा 'प्रोटोकॉल', प्रत्येकाचा आपापला अनुभव. मार्चमध्ये ब्रिटनमध्ये 'रिकव्हरी' नावाची चाचणी सुरू झाली होती, ऑक्सफर्डच्याच पुढाकाराने. १६ जूनला तिचा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर झाला. २१०४ जणांना औषध दिलेलं, ४३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा नाही. डेक्सा आमच्या औषधभांडारात आधीपासून होतंच, काही रुपयांची कुपी. ते कुणाला द्यायचं आणि कुणाला द्यायचं नाही, एवढंच ठाऊक नव्हतं. दूर देशातल्या सहा हजारांहून जास्त आजारी माणसांनी स्वतःचा उपचार चिठ्ठीवर सोडला, म्हणून जुलैत माझ्या वॉर्डातल्या माणसाला योग्य औषध मिळालं. संशोधनाकडे वळायचं हे मी तेव्हा ठरवलं.

आता त्या व्यवहाराच्या गोष्टी. आपल्याकडचा एमडी म्हणजे विशेषज्ञाची पदवी. ब्रिटनमध्ये एमडी हीसुद्धा संशोधनाची पदवी असते, त्यामुळे अर्ज करताना आपलं शिक्षण नीट उलगडून सांगावं लागतं. आधी मार्गदर्शक गाठायचा. त्याच्या कामातलं नेमकं काय तुम्हाला पुढे न्यायचं आहे हे एका पानात लिहायचं, आणि तुमच्या वॉर्डात पडलेला एक खरा प्रश्न त्यात असला पाहिजे. पैशांसाठी रोड्स, कॉमनवेल्थ, क्लॅरेंडन अशा शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. परदेशी विद्यार्थ्याची फी प्रचंड असते. व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो. वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार, तोही पूर्ण मुदतीचा आधीच भरायचा. संशोधन पदवीच्या विद्यार्थ्याला अजून जोडीदाराला आणि मुलांना सोबत नेता येतं. शिकवणीच्या मास्टर्सवाल्यांची ती सोय जानेवारी २०२४ पासून बंद झाली. माझं मत विचाराल तर शिष्यवृत्ती हातात नसताना घरावर कर्ज काढून या वाटेला कुणी येऊ नये. या पदवीने पगार लगेच वाढत नाही, आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला चुकलेले प्रयोग शांतपणे पुन्हा करता येत नाहीत.

माझा विषय सेप्सिस. संसर्गाला शरीर जे उत्तर देतं ते उत्तरच बिघडतं, भलतीकडे जातं, आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, यकृत एकामागून एक कोलमडतात. २०१६ च्या व्याख्येत जंतूंइतकंच, किंबहुना जास्त वजन शरीराच्या या बिघडलेल्या प्रतिसादाला दिलं आहे. वॉर्डात हे रोज दिसतं. एकाच वयाची दोन माणसं, दोघांनाही न्यूमोनिया, दोघांचा रक्तदाब सारखाच खाली. एक आठवड्यात घरी जातो, दुसरा जातच नाही. ऑक्सफर्डमधल्याच एका गटाने २०१६ साली दाखवलं की खाटेशी उभं राहून सारख्या दिसणाऱ्या अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं किती जोरात चालू आहेत हे मोजलं, तर त्यांचे दोन गट पडतात. एका गटात प्रतिकारशक्ती दबून गेल्याच्या खुणा दिसतात आणि त्यातले रुग्ण लवकर दगावण्याचं प्रमाण जास्त असतं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वॉर्डातले चेहरे दिसू लागले. पण ते रुग्ण इंग्लंडमधले. आपल्याकडचा सेप्सिस स्क्रब टायफसने, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने होतो, कोकणात लेप्टोस्पायरोसिसने होतो, मलेरियाने होतो. तिथेही हेच दोन गट पडतात का? इथे मी पद्धत शिकते आहे, ती त्या प्रश्नासाठी.

त्यासाठी हवं असतं रक्त. फार नाही, एका खास नळीत अडीच मिलिलिटर, आणखी एक-दोन नळ्या. पण आजार ऐन भरात असताना, पहिल्या एक-दोन दिवसांतच. आणि तेव्हा रुग्ण बहुधा भूल देऊन झोपवलेला असतो. विचारायचं कुणाला?

इंग्लंडमध्ये यासाठी २००५ चा मानसिक क्षमता कायदा आहे. माझ्यासारख्या औषधाविनाच्या अभ्यासात नातेवाइकाने रुग्णाच्या वतीने संमती द्यायची नसते. त्याच्याकडून सल्ला घ्यायचा असतो, की या माणसाला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? निर्णयाचं ओझं बायकोवर किंवा मुलावर टाकायचं नाही. त्यांना फक्त आपल्या माणसाबद्दल खरं सांगायला सांगायचं. मग रुग्ण शुद्धीवर आला की पुन्हा त्याला स्वतःला विचारायचं. तो नको म्हणाला तर त्याचे नमुने अभ्यासातून काढायचे.

कागदावर हे सुबक वाटतं. प्रत्यक्षात कसं करतात ते मी एका रिसर्च नर्सकडून शिकले. निवृत्तीला आलेली बाई. मला तिने आधी कितीतरी दिवस नुसतं सोबत बसून ऐकायला लावलं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाइकांची खोली असते. तीन मऊ खुर्च्या, टिश्यूचा खोका, खिडकीतून दिसणारी पार्किंगची जागा. एका निवृत्त बसचालकाची बायको तिथे बसली होती. नर्सने आत येताच फाइल पाठीमागच्या टेबलावर ठेवली, त्या बाईंच्या समोर न बसता बाजूच्या खुर्चीवर बसली, आणि विचारलं, सकाळपासून काही खाल्लंत का. मग आपण कोण, उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी नाही, हे सांगितलं. आणि त्यानंतर तिचं पहिलंच वाक्य असं होतं की आम्ही जे मागायला आलो आहोत त्याचा तुमच्या यजमानांना काहीही फायदा होणार नाही.

मी दचकले. आपल्याकडे नातेवाइकाशी बोलायची सुरुवात आपण धीर देऊन करतो. 'चांगल्यासाठीच आहे' हे वाक्य तोंडात बसलेलं असतं. तिने ते मुळातूनच काढून टाकलं होतं. पुढे अभ्यास काय, रक्त किती, ते कुठे ठेवणार, किती वर्षं, नको म्हटलं तर उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे सगळं सांगितलं आणि गप्प बसली. ती शांतता मला सोसवेना, पण तिने ती भरली नाही. बऱ्याच वेळाने त्या बाई म्हणाल्या, तो सुपरमार्केटातून निघाला की पाऊस असला तरी ट्रॉली तिच्या जागी नेऊन ठेवतो, दुसऱ्यांनी सोडलेल्यासुद्धा. मी गाडीत बसून ओरडत असते. तो हो म्हणाला असता.

दोन-तीन आठवड्यांनी हे गृहस्थ साध्या वॉर्डात आले तेव्हा विचारायला मी गेले. त्यांनी चष्मा मागवला, माहितीपत्रकाचं प्रत्येक पान वाचलं, आणि विचारलं, हे रक्त उद्या एखाद्या कंपनीला विकणार का. पत्रकात त्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी त्यांना दाखवलं, समजावलं. उद्या सांगतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सही केली, आणि पेन परत देताना बजावलं की तुमचं काय निघालं ते मला कळवा.

आणखी एक प्रसंग मला तितकाच मोलाचा वाटतो. एका रुग्णाचा मुलगा आला होता. तो रुग्ण माझ्या अभ्यासाला अगदी हवा तसा होता, संसर्ग हवा तो, वेळ हवी ती. मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बाबांना त्यांच्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं कधीच आवडलं नाही, ते नको म्हणतील. नर्सने त्याचे आभार मानले, फाइल मिटली, आणि पार्किंगच्या सवलतीचा पास मिळाला का ते विचारलं. झालं. आर्जव नाही, 'थोडा विचार करा' नाही, चेहऱ्यावर नाराजी नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाटेजवळून गेले तर सगळं कालच्यासारखंच चाललं होतं. विभागातली नर्स कालच्याच हळुवारपणाने त्यांची कूस बदलत होती, मुलगा शेजारी पेपर वाचत होता. त्याने मला बघून मान हलवली.

आदल्या आठवड्यातल्या त्या बाईंच्या होकाराला वजन कशाने आलं, ते मला या नकाराने समजलं. नाही म्हणूनही ज्याचं काही बिघडत नाही, त्याचंच हो खरं.

शहरात वूडस्टॉक रोडवर जुनं रॅडक्लिफ इन्फर्मरी आहे. २००७ साली ते रुग्णालय म्हणून बंद झालं. पुढे काही वर्षं त्या इमारतीत विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं. चेहरा, डोळा, फुप्फुसं संसर्गाने भरून गेलेला तो माणूस पाच दिवसांत सुधारू लागला. औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून घेऊन पुन्हा टोचत होते. शेवटी साठा संपला, संसर्ग उलटला, १५ मार्चला तो गेला. ही गोष्ट वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. मलाही होती. त्याच्या आधी तिथे आणखी कुणीतरी होतं, हे मात्र मला इथे आल्यावर कळलं.

तिचं नाव एल्व्हा एकर्स. स्तनाचा कर्करोग, शेवटचा टप्पा. हे नवं औषध माणसाला विषारी तर नाही ना, हे आधी बघायला हवं होतं. तरुण डॉक्टर चार्ल्स फ्लेचर तिच्याकडे गेले आणि याचा तुम्हाला काही उपयोग नाही, इतरांना होऊ शकेल, असं सांगून त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. जानेवारी १९४१ मध्ये तिला इंजेक्शन दिलं. तिला हुडहुडी भरली, ताप चढला. औषधातल्या अशुद्धीमुळे हे होतंय असं ध्यानात आलं, पुढच्या खेपेचं औषध अधिक शुद्ध करून घेतलं, आणि ते अलेक्झांडरला मिळालं. आयुष्याचे थोडे दिवस उरलेल्या बाईने त्यातला एक दिवस तापात काढला, ज्यांची तिची कधी गाठही पडणार नव्हती अशा माणसांसाठी.

मॉडलिन कॉलेजसमोर, वनस्पती उद्यानाच्या दाराशी गुलाबांची एक छोटी बाग आहे. पेनिसिलिनचं वैद्यकीय महत्त्व शोधणाऱ्या संशोधकांच्या सन्मानार्थ १९५३ साली ती उभारली. तिथल्या शिळेवर नावं कोरली आहेत: चेन, फ्लोरी, हीटली, फ्लेचर आणि त्यांचे सहकारी. हीटलींसारख्या मागे राहून राबणाऱ्याचंही नाव त्यात आहे, हे मला फार आवडतं. पण एल्व्हा एकर्सचं नाही. अलेक्झांडरचं नाही. मी तिथे उभी राहून ती यादी वाचते तेव्हा दर वेळी मनातल्या मनात ही दोन नावं जोडते. संशोधक आणि रुग्ण असे दोन पक्ष मानून यादी केली की पहिल्यांचीच नावं कोरली जातात. माझ्या प्रबंधातही तसंच होणार: ऋणनिर्देशात मार्गदर्शक, प्रयोगशाळेतले सोबती, आईबाबा, आणि शेवटी एक ओळ 'सर्व सहभागी रुग्णांचे आभार'. गोपनीयतेमुळे नावं देता येत नाहीत, ते योग्यच. तरी ती ओळ मी पहिली घालणार आहे.

परदेशातून आलेला संशोधक म्हटलं की मला आपल्याकडचे हाफकिन आठवतात. ओडेसात जन्मलेले, वैद्यकाची पदवी नसलेले प्राणिशास्त्रज्ञ. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगच्या मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्यातच भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, आणि तिथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. हाफकिनबद्दल मला अतिशय आदर आहे. आधी स्वतःवर प्रयोग करणारा माणूस तो. पण त्या 'स्वेच्छेने'पाशी मी थबकते. बराकीत प्लेग, दाराला कुलूप, समोर अधिकारी. अशा माणसाच्या होकाराला काय म्हणायचं? त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून जी जबरदस्ती झाली ती आपल्याला शाळेपासून पाठ आहे. एकाच रोगाच्या साथीत, एकाच प्रांतात, विचारणं आणि न विचारणं दोन्ही शेजारी शेजारी घडत होतं. आजही सरकारी माणूस रक्त घ्यायला आला की खेड्यात काही घरांची दारं लागतात. त्यांना अडाणी म्हणणारे डॉक्टर भेटले की मला राग येतो. न विचारल्याची आठवण पिढ्यान् पिढ्या राहते.

आणि दुसरीकडे आपल्या वॉर्डातला तो विश्वास. "मॅडम, तुम्ही म्हनान तिथं अंगठा देतो." हे मी शेकडो तोंडांनी ऐकलं आहे, आणि या विश्वासाच्या जोरावरच आपली सरकारी रुग्णालयं चालतात. उपचारात तो आधार आहे. संशोधनात मात्र त्याची भीती वाटते, कारण अंगठा देणारा उपचारच समजून देत असतो. आपल्याकडे नियम कमी नाहीत. निरक्षर सहभागी असेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. औषधचाचण्यांतली संमती चित्रित करून ठेवण्याचा नियम २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने फटकारल्यावर आला, पुढे तो काही चाचण्यांपुरता राहिला. पण वॉर्डात दोनशे रुग्ण आणि तीन निवासी डॉक्टर असताना एमडीच्या प्रबंधासाठीच्या केसेस कशा गोळा होतात, हे त्यातून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फॉर्म भरला जातो, सही होते, बोलणं राहून जातं. त्या मुलांना मी दोष देत नाही. बाजूच्या खुर्चीवर बसून 'जेवलात का' विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुठल्याही वेळापत्रकात लावलेला नसतो. इंग्लंडमध्ये त्या वेळेसाठी पगारी नर्स आहे. माझ्या लेखी इथल्या संशोधनाचं मोठं बळ तेच. प्रयोगशाळेतली कोट्यवधींची यंत्रं त्याच्या मागून येतात.

बाकीची डॉक्टरेट मी भरभर सांगून टाकते. रक्त आलं की ठरल्या वेळेत पेशी वेगळ्या करायच्या, नळ्या उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायच्या, मग आरएनए, म्हणजे चालू जनुकांची नक्कल, काढायचं, मग महिनोन् महिने संगणकासमोर. वॉर्डात दिलेल्या औषधाचा गुण तासाभरात कळायची सवय असलेल्या माणसाला हा वेग जड जातो. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो. पहिलं वर्ष सरता सरता 'ट्रान्स्फर'ची मुलाखत होते, तिथे तपासतात की काम डॉक्टरेटच्या लायकीचं होईल का, पुढे 'कन्फर्मेशन', शेवटी काळा झगा घालून दोन परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. मार्गदर्शकांना नावाने हाक मारायला जीभ वळायला बरेच दिवस लागले. या सगळ्यात एकटं वाटतं का, असं मुलं विचारतात. वाटतं. त्यावर मला वॉर्डचाच उतारा लागू पडला. आकडे साथ देईनासे झाले की मी रिसर्च नर्सबरोबर एक फेरी मारून येते, खाटांवरची माणसं बघते, आणि कुणाच्या रक्तावर आपण बसलो आहोत ते पुन्हा कळतं.

आता परतीची तयारी चालू आहे. विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात, स्क्रब टायफसच्या मोसमात, सेप्सिसच्या रुग्णांचे नमुने घ्यायचे असा प्रस्ताव मी लिहिला आहे. त्याचा सगळ्यात अवघड भाग मराठीतलं माहितीपत्रक ठरला. गेल्या खेपेला घरी गेले तेव्हा त्याचा कच्चा खर्डा घेऊन वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाचून दाखवला. अभ्यास सुरू नव्हता, नमुना घ्यायचा नव्हता. फक्त समजतंय का, ते बघायचं होतं. पहिलं वाक्य मी त्या नर्सचंच ठेवलं होतं: यात तुमच्या माणसाचा काही फायदा नाही.

"मंग द्याचं कायले?" एक म्हातारे बाबा लगेच म्हणाले. डोक्याला उपरणं, हातात औषधांची पिशवी. मला फार बरं वाटलं. असा प्रश्न आपल्या वॉर्डात मला पहिल्यांदा कुणी केला होता. मी आर्टेसुनेटची गोष्ट सांगितली, ते चार देश, ते १४६१ जण. त्यांच्या पुतण्याला मलेरिया झाला होता तेव्हा तेच इंजेक्शन दिलं असणार, हेही सांगितलं. बाबांनी बराच वेळ ऐकलं. शेजारच्या बाईंनी मध्येच विचारलं की रक्त काढल्यावर अशक्तपणा येतो का, मग बाटलीच्या झाकणात किती मावतं त्याचा हिशेब झाला. मग बाबा म्हणाले, "मॅडम, रगत तं नेसान. पन त्याचं काय निंगालं हे आमाले कोन सांगन?"

आपल्याकडच्या बहुतेक प्रस्तावांत निकाल सहभागी लोकांना कळवण्यासाठी पैसे धरलेले नसतात. निकाल परिषदेत वाचला जातो, नियतकालिकात छापला जातो. माझ्या खर्ड्यातही तोवर फक्त 'निष्कर्ष प्रसिद्ध केले जातील' असं होतं. ते वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं आहे की अभ्यास संपल्यावर प्रत्येक घरी फोन होईल, आणि फोन नसेल तिथे आशाताईंमार्फत निरोप जाईल, काही निघालं तरी आणि काही नाही निघालं तरी. त्यासाठी एका माणसाचा पगार, फोनचा खर्च आणि आशाताईंचं मानधन असा वेगळा रकाना अंदाजपत्रकात घातला आहे. प्रस्ताव नीतिशास्त्र समितीकडे पाठवला आहे. पैसे देणाऱ्यांनी हा रकाना कापायला सांगितला, तर मी नमुन्यांची संख्या कमी करीन, पण तो ठेवीन.